राखणदाराचा वाटा

ही वही गाईंची आहे. हिच्यात फक्त गाईंचं लिहायचं, असं वही देणाऱ्यांनी मला सांगितलं होतं. गाय कधी भरवली, कितवा महिना लागला, कधी व्याली, वार कधी पडली. तेवढंच मी लिहीत आले. पण मागची काही पानं कोरी उरली आहेत, आणि ज्यांनी वही दिली ते कसे होते, याची हिच्यात एक ओळ नाही. म्हणून आज त्यांचं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकलं तर चुकलं, ही मागची पानं वाचणारं कोणी नाही.

ते गुरांचे डॉक्टर. आमच्या भागात त्यांना सगळे हळद्या डॉक्टर म्हणायचे. खिशात कायम हळदीचा तुकडा, हळद निघायच्या दिवसांत ओला आणि एरवी वाळलेला. तो चघळून चघळून दात पिवळे झालेले, ओठांच्या कडा पिवळ्या. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा विचारलं, "सायेब, तंबाखू सोडायला खाता काय हे?" ते म्हणाले, "न्हाई. तोंड गुंतून राहिलं की माणूस कमी बोलतं."

जुन्या स्कूटरच्या मागं बाभळीचं तीन पायांचं स्टूल बांधलेलं असायचं. ते कोणाच्या खाटेवर, खुर्चीवर बसायचे नाहीत. गोठ्यात शिरायच्या आधी रबरी बूट ब्रशनं घासायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे. बाहेर आले की परत तेच. पोरं हसायची, देवळात चाललेत म्हणायची. मालक म्हणाले, "शेणातच तर जायचं हाय, मग धुता काहून?" त्यावर ते म्हणाले, "गोठ्यातलं शेण तुमचं हाय. बुटाला लागलंय ते दुसऱ्या गावचं. दुसऱ्याचं तुमच्या घरी काहून आणू?"

गाईला ते बाई म्हणायचे. अंगाला हात लावायच्या आधी, "बाई, बघू का जरा," असं विचारायचे आणि खरोखर थांबायचे. गाईनं कान हलवला, मान वळवली की मग पुढं व्हायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस थोडा सरकलेला आहे. आता तसं वाटत नाही.

ते आमच्याकडं पहिल्यांदा आले ते श्रावणात. आमची लाली गाभडली होती, म्हणजे सहाव्या महिन्यातच तिचा गाभ पडला होता. लाली लाल कंधारी जातीची, घरची गाय. तिच्या आजीची आजी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेराहून आली होती. त्या वंशातली आता लाली एकटीच उरली होती. त्याआधी चैत्रात आमची बाजारातून आणलेली जरशी गायही अशीच गाभडली होती. तिला मालकांनी वैशाखात बाजार दाखवला. लालीचं झालं तेव्हा मालक म्हणाले, "हिचंबी तेच करतो." आत्याबाई चुलीपाशी बसून राहिल्या, भाकरीला हात लावला नाही.

आत्याबाईंच्या मनात कारण पक्कं होतं. आमच्या पलीकडं एक काकू एकट्या राहतात. रोज सकाळी ताकाला लोटा घेऊन यायच्या आणि जाताना लालीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आत्याबाई म्हणाल्या, "तिचीच नजर." दुसऱ्या दिवसापासून काकूंना ताक बंद झालं. काकू दोन दिवस रिकामा लोटा घेऊन दारात उभ्या राहिल्या, मग आल्याच नाहीत. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नसे. घरात कोणी परका पुरुष आला की मी दाराआड उभी राहायची, ही माझी लहानपणापासूनची खोड.

त्या दिवशीही मी दाराआडच होते. डॉक्टरांनी स्टूल सोडलं, गोठ्याच्या कोपऱ्यात मांडलं आणि बसले. लालीला हात लावला नाही. मालक सांगायला लागले, "सायेब, काल सांजपर्यंत ती..." डॉक्टरांनी हात वर केला. म्हणाले, "तिला मला बघू द्या आधी."

जवळजवळ तासभर ते तसेच बसले. लाली त्यांच्याकडं बघत होती, ते लालीकडं. मधे एकदा उठून त्यांनी गव्हाणीतली कडब्याची मूठभर कुट्टी उचलली, हुंगली, दोन काड्या तोंडात टाकून चावल्या. हौदातलं पाणी तळहातावर घेऊन त्याचा वास घेतला. मग विचारलं, "दूध कोण काढतं हिचं?"

"घरातली काढते," मालक म्हणाले. "पण मी सांगतो ना सगळं."

"सडाला हात तुमचा हाय का?"

"न्हाई."

"मग तुमी जरा दमानं घ्या. जिचा हात सडाला, तिलाच मी इचारणार."

मालकांना हे असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. आत्याबाईंनी मला हाताला धरून बाहेर आणलं. मी पदर तोंडात धरून उभी राहिले. डॉक्टर माझ्याकडं न बघता लालीकडं बघूनच बोलत होते. ते मला सोपं वाटलं.

"माय, चारा कधीपासून सोडला हिनं?"

मी नाही अशी मान हलवली.

"सोडलाच न्हाई?"

मी परत हलवली.

"तापबी न्हाई. पोटात काही दुखल्यासारखं केलं न्हाई. चांगली खात पीत होती आन् सकाळी उठून बघता तर खाली पडलेलं."

अगदी तसंच झालं होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पडलेलं वासरू मी मोठ्या टोपल्याखाली झाकून ठेवलं होतं. टोपल्यावर दगड ठेवला होता. आणि टोपल्याशेजारी आमचं कुत्रं, भुऱ्या, पुढचे पाय पसरून, नाक टोपल्याला लावून बसलं होतं. डॉक्टर लालीजवळून उठले आणि भुऱ्याकडं बघत उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी हातमोजे घातले, टोपलं उचललं, आपला खांद्यावरचा पंचा त्या वासरावर पांघरला आणि हात जोडले. त्यानंतरच पिशवी काढली. एवढंसं ते, अंगावर केससुद्धा धड नव्हते. त्याला कोणी हात जोडावेत हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"हिच्या आधी कोण गाभडलं?" त्यांनी विचारलं.

"जरशी. चैतात," मालक म्हणाले.

"त्या वासराचं काय केलं?"

"पुरलं."

"कोणी?"

"हिनं."

"खड्डा दाखवा."

मी चालायला लागले. घरामागून नाल्याकडं, मी पुढं, ते मागं, त्यांच्यामागं मालक. नाल्याच्या काठाला मी थांबले. तिथं खड्डा नव्हता. कधीच नव्हता.

डॉक्टरांनी इकडंतिकडं बघितलं. मग मालकांना म्हणाले, "तुमी जावा, माझं स्टूल तेवढं आणा." मालकांनी स्टूल आणलं. "आता घरी जावा आन् लालीला कोमट पाणी पाजा." मालक गेले. डॉक्टर स्टुलावर बसले, नाल्याकडं तोंड करून. हळद चघळत राहिले. मी चार हात लांब उभी. शेजारच्या शेतातला माणूस कोळप्याचा एक फेर मारून गेला, दुसरा मारून गेला. ते काही विचारत नव्हते. मी काही सांगत नव्हते.

शेवटी त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली, पेन काढलं आणि न वळता मागं धरलं. "बोलता येत न्हाई तर लिवा. शाळा किती झाली?"

मी चार बोटं दाखवली, पण त्यांची पाठ होती. मग मी वही घेतली. चौथीनंतर मी नाव सोडून काही लिहिलं नव्हतं. मांडीवर वही ठेवून लिहिलं. ते पहिलं पान अजून आहे. त्यावर लिहिलंय, "पुरलं नाही. जमीन फार कडक होती. भुऱ्यानं खाल्लं. मी बघत उभी होते."

त्यांनी ते वाचलं. मला वाटलं आता रागावतील. म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं." मग विचारलं, "उभ्या काहून राहिल्या? हाकललं न्हाई त्याला?"

मी लिहिलं, "राखणदाराचा वाटा."

ही आमच्या घरची रीत. गाय व्याली की वासरामागून पडलेली वार घरच्या कुत्र्याला द्यायची. वार खाल्लेलं कुत्रं त्या वासराची राखण करतं, असं आत्याबाई सांगायच्या. त्यांच्या सासूनंही तेच सांगितलं होतं. मेलेलं वासरू पुरायला मी पहार घेऊन गेले होते. पण चैत्रातली काळी जमीन, पहार टणकन वाजून वर यायची. भुऱ्यानं टोपल्यात तोंड घातलं तेव्हा मी मनात म्हणाले, त्याचाच तर वाटा आहे. आणि घरी येऊन पुरलं म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी मग एकेक विचारलं आणि मी एकेक लिहिलं. कुत्रं झोपतं कुठं? कुट्टीच्या ढिगावर, तिथं ऊब असते. घाण करतं कुठं? जवळपासच. कुट्टी कशानं नेता? टोपल्यानं. घाण दिसली तर? काढून टाकते आणि बाकीची घालते. अर्धं पान भरलं. ते उठले. वही मी परत देऊ लागले तर म्हणाले, "ही तुमची. हिच्यात गाईचं लिवत जावा. आन् हे घरात सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. मला कळलं, बस."

लालीचं रक्त आणि ते वासरू त्यांनी तपासायला पाठवलं. उत्तर यायला दिवस लागले. आलं तेव्हा ते स्वतः आले, पण उत्तर सांगितलं नाही. कागदाच्या पुडीतून हळद आणली होती, दळलेली. ती भुऱ्या झोपतो तिथं कुट्टीच्या ढिगावर टाकली आणि हातानं मिसळली. आत्याबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे काय करून राहिले? पूजा हाय का?"

"पूजाच समजा आत्याबाई. आता रोजचं काम करा. काही पुसायचं न्हाई, झटकायचं न्हाई. मी बसलो हितं."

आणि ते खरंच दिवसभर बसले. चहा नको म्हणाले. दुपारी आत्याबाईंनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला तो मात्र खाल्ला. आम्ही आमचं काम करत राहिलो. कुट्टी भरली, गव्हाणीत घातली, पाणी पाजलं, शेण काढलं. भुऱ्या ढिगावर लोळला, उठला, हौदाला पाय लावून पाणी प्याला.

ऊन कलल्यावर ते उठले. पांढऱ्या फडक्याचे तुकडे ओले करून घेतले. पहिल्यानं टोपलं पुसलं. फडकं पिवळं. गव्हाण पुसली. पिवळं. हौदाचा काठ, पिवळा. लालीला म्हणाले, "बाई, तोंड पुसू का," आणि तिचं नाक आणि जीभ लागते तो ओठ पुसला. फडकं असं पिवळं झालं की आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि हात ठेवला तेव्हा त्यांच्या गालावर पिवळं बोट उमटलं. डॉक्टरांनी माझ्यापुढं फडकं धरलं. मी हात पुसले. मालकांनी त्या दिवशी ढिगाला हातही लावला नव्हता, त्यांच्या धोतराच्या सोग्याला हळद निघाली. दुधाच्या बादलीच्या कडीला निघाली.

सगळी फडकी त्यांनी दावणीवर ओळीनं वाळत घातली. म्हणाले, "हळद दिसती म्हणून तुमाला दिसली. मी जे हुडकून राहिलो ते दिसत न्हाई. एक परजीवी हाय, सुईच्या टोकावर शेकड्यानं बसंल एवढा. तो जरशीच्या अंगात होता. तिच्या वासरातून कुत्र्याच्या पोटात गेला. कुत्र्याच्या घाणीतून कुट्टीत, कुट्टीतून लालीच्या तोंडात. लालीच्या पोटात वासरू होतं, त्याला त्यानं मारलं. लालीला काहीच केलं न्हाई. म्हणून ती खात पीत राहिली."

मालक म्हणाले, "म्हणजे कुत्र्यानं केलं. मारूनच टाकतो त्याला."

"काहून? ताट तर तुमच्या घरानं वाढलं."

"आमी कव्हा वाढलं?"

डॉक्टर हळद चघळत होते, खाली बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं. मी म्हणाले, "मी पुरलं नव्हतं. भुऱ्यानं खाल्लं."

माझाच आवाज मला कोणा दुसऱ्याचा वाटला. मालक माझ्याकडं बघतच राहिले. पण आत्याबाई मधे आल्या. त्या म्हणाल्या, "तिला काही म्हणू नको. रीत माझी हाय. मीच शिकवलं तिला." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मग आता राखणदाराला काय द्यायचं?"

"भाकर द्या," ते म्हणाले. "भाकरीवरबी चांगली राखण करतं ते."

त्यांनी हेही सांगितलं की गाभडलेल्या वासराला, वारेला उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण गाय गाभडण्याचे दुसरेही रोग असतात आणि ते माणसाला धरतात. लालीला ते नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वतः लोटाभर ताक घेऊन काकूंकडं गेल्या. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि लोटा घासत बसल्या.

लालीला औषध नव्हतं. हे डॉक्टरांनी त्या हळदीच्या दिवशीच सांगितलं. "एकदा अंगात शिरला की जन्मभर राहतो. पुढचं वासरू टिकंल का, मला सांगता येत न्हाई. टिकलं तर त्याच्यातबी तो असंल, बहुतेक. मी देव न्हाई."

मालक म्हणाले, "मग इकलेलीच बरी."

"इका की. घेणाऱ्याला सांगून इका."

"सांगितलं तर घेतंय कोण?"

"जरशी इकली तव्हा सांगितलं होतं का?"

"तव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"आता हाय," डॉक्टर म्हणाले आणि स्कूटरच्या मागं बांधलेलं स्टूल सोडून आमच्या ओट्यावर ठेवलं. रिकाम्या झालेल्या सीटवर हात आपटला. "बसा."

असं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाजारात कोणी गाय घेतली, त्याच्याकडून कोणी घेतली, हे विचारत दोघं गावोगाव फिरले. तीन सुट्ट्यांचे दिवस त्यात गेले. डॉक्टरांना त्याचं कोणी काही देणार नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. जरशी सापडली कुरुंदा गावाच्या पलीकडं, एका हळदवाल्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. ती परत गाभण होती. दारात गेल्यावर मालक डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, तुमीच सांगा, तुमाला नीट सांगता येतं." डॉक्टर म्हणाले, "इकली कोणी?"

मग मालकांनी हात जोडून सांगितलं.

घरी आल्यावर मालक बराच वेळ ओट्यावर बसून होते. मी पाणी दिलं. विचारलं, "शिव्या दिल्या का त्या माणसानं?"

"न्हाई. खाट टाकली, चहा पाजला. सांगितलं ते बरं केलं म्हणाला." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर लालीला विकायची गोष्ट त्यांनी काढली नाही. पावसाळा संपायच्या आत त्यांनी कुट्टीच्या ढिगाला पत्र्याचं दार केलं, हौदावर झाकण केलं. भुऱ्याला घराच्या दाराशी पोत्याची गादी दिली. तो आठ दिवस पत्र्याचं दार उकरत बसला, मग गादीवर झोपायला लागला.

लाली परत गाभण राहिली. वहीत त्या महिन्यांची पानं आहेत. "तिसरा लागला. खाते." "चौथा. ठीक." पाचव्यानंतर मी रोज लिहायला लागले. "आज ठीक." दुसऱ्या दिवशी परत, "आज ठीक." सहाव्या महिन्यात मी पहाटे गोठ्यात जायला घाबरायची. आधी दाराच्या फटीतून तिच्या मागची जमीन बघायची, मग आत जायची. डॉक्टर त्या महिन्यात दर आठवड्याला आले. बूट धुवायचे, स्टूल मांडायचे, बसायचे. वही मागून वाचायचे. "आज ठीक" इतक्या वेळा लिहिलेलं वाचून एकदा म्हणाले, "माय, एवढंच लिवलंय. पण हेच वाचायला मी येतो."

सातवा लागला. आठवा लागला. दिवस भरत आले तेव्हा ते म्हणाले, "ती व्यायला लागली की मला हितं असायला पाहिजे. वासरानं पहिला चीक प्यायच्या आत त्याचं रक्त घ्यायचंय. चिकातून आईचं सगळं त्याच्यात उतरतं, मग खरं काय ते कळत न्हाई." आणि त्यांनी रजा टाकली. तीन दिवस ते आमच्या गोठ्यात राहिले. स्टुलावर बसायचे, ओट्यावर झोपायचे. गावातले लोक बघून जायचे. एक जण म्हणाला, "सायेब, गाय तुमची हाय का यांची?" डॉक्टर म्हणाले, "तिलाच इचार."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाली व्याली. काहीच त्रास झाला नाही. लाल कालवड. खाली पडल्या पडल्या तिनं डोकं झटकलं. लाली चाटायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं. डॉक्टर गुडघ्यावर बसले, "बाई, एवढं घेऊ द्या," म्हणाले आणि कालवडीच्या मानेतून रक्त घेतलं. ती धडपडत आचळ शोधत होती. आत्याबाई तापल्या. "आता पिऊ द्या की लेकराला. सुया कसल्या टोचून राहिले?" डॉक्टर बाजूला झाले. कालवडीला आचळ सापडलं, तिची शेपटी हलायला लागली. मी बघितलं तर डॉक्टर भिंतीकडं तोंड करून उभे होते. बराच वेळ ते तसेच उभे होते.

वार पडायला संध्याकाळ झाली. भुऱ्या दाराशी उभा होता, आशेनं. आत्याबाईंनी त्याला तूप लावलेली भाकरी घातली. मालकांनी पहार घेतली होती, पण मी त्यांच्या हातातून घेतली. खड्डा मी खणला. छातीइतका. हातमोजे घालून वार आत ठेवली, वर चुना टाकला, माती टाकली, दगड रचले. डॉक्टर स्टूल घेऊन खड्ड्याशेजारी येऊन बसले होते. झाल्यावर उठले आणि त्या जागेला हात जोडले. जसे त्या पहिल्या दिवशी वासराला जोडले होते तसेच.

रक्ताचं उत्तर त्यांनी फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते आले. मी चेहऱ्यावरूनच ओळखलं. कालवडीतही तो होता.

मी विचारलं. आता मी त्यांच्याशी बोलायला लागले होते. "मग एवढं करून काय झालं? तिच्यातबी हायच ना?"

ते बसले. हळदीचा तुकडा तोंडातून काढून हातात धरला, तसं ते कधी करत नसत. म्हणाले, "माय, एका गाईपासून शेजारच्या गाईला हा जात न्हाई. त्याला कुत्र्याच्या पोटातूनच जावं लागतं. वारेतून, न्हाईतर मेलेल्या वासरातून. दुसरी वाट न्हाई त्याला. लालीत हाय, कालवडीत हाय, ऱ्हाऊ द्या. त्या हितंच म्हाताऱ्या होतील. पण तो तुमच्या खड्ड्यापाशी आला आन् थांबला."

मी हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, विसरू नये म्हणून.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटचे आले तेव्हा स्टूल आमच्या गोठ्यात ठेवून गेले. म्हणाले, "बसून दूध काढा, गुडघे ऱ्हातील." लालीला म्हणाले, "बाई, येतो." थांबले. लालीनं मान वळवली, मग गेले. कुठल्या गावी राहतात कोणाला नीट माहीत नाही. तिकडंही कोणाच्या तरी गोठ्यात बसलेले असतील.

त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले आहेत. चांगले आहेत. पहिल्यांदा कालवडीला बघायला आले आणि मालकांना विचारायला लागले, कधीपासून, काय, कसं. मालक म्हणाले, "मला नका इचारू सायेब. सडाला हात तिचा हाय." आणि त्यांनी स्टूल आणून डॉक्टरांपुढं ठेवलं. मी वही दिली.

ती कालवड आता गाभण आहे. परवा तिला सहावा लागला. मी परत दाराच्या फटीतून बघायला लागले आहे. आज ठीक.

गावात कोणाची गाय व्याली की बायका मला बोलवायला येतात. काकूही बरोबर असतात, त्यांच्याकडं चुन्याचा डबा. बायका विचारतात, वार कुत्र्याला काहून द्यायची नाही, आणि काकू त्यांना हळदीची गोष्ट सांगतात, स्वतः बघितल्यासारखी. मी मधे बोलत नाही. पहार घेते आणि खणायला लागते.